सुरतेतलं मातीचं धाबं

सुरत, ४ मार्च १९७३

ती. स्व. दादास,

विजूचा नमस्कार घाईतला आहे, राग मानू नकोस. एका हाताने ह्यांना वारा घालते आहे आणि दुसऱ्याने लिहिते आहे.

तू फेब्रुवारीत पाहून गेलास तशीच ह्यांची प्रकृती आहे. उजवी बाजू हलत नाही. वाचा नाही ती नाहीच. डावा हात तेवढा उचलतात. डॉक्टर म्हणतात, पेशंटला किती कळतं ते सांगता येत नाही. मला वाटतं सगळं कळतं. पण मी बायको, मला तसं वाटणारच.

आजचं पत्र घरासाठी. आम्ही विकत घेतलेलं उधन्याचं घर तू पाहिलंसच, चार भिंती आणि वर आभाळ. जुन्या लाकडाला वाळवी लागली होती म्हणून ह्यांनीच कौलं-वासे सगळं उतरवून घेतलं. होळीपर्यंत नवं छप्पर चढवू म्हणाले, आणि त्याच आठवड्यात शाळेत फळ्यापुढे कोसळले. आता होळी येऊन ठेपली. सगरामपुऱ्यातली ही खोली अक्षय्यतृतीयेला सोडायचं ह्यांनी घरमालकाला कबूल करून ठेवलंय. नवा भाडेकरू ठरला आहे. त्याची बायको दर दोन दिवसांनी येऊन आमची मोरी मापून जाते. आमच्या आधी तिचंच सामान आत येईल असं दिसतं.

घर पाहावं बांधून म्हणतात, मी तर नुसतं छप्पर पाहते आहे तरी नाकी नऊ आले. दोन माणसं येऊन गेली. एक मगनभाई मिस्त्री, तोंडात पान, बोलणं साखरेत घोळलेलं. तो उतरतं छप्पर करून मंगलोरी कौलं घालायची म्हणतो. दुसरा पांडेसऱ्याकडचा पत्रेवाला. तो म्हणतो, "पतरा डालो बहनजी, बीस साल ऊपर देखना नहीं." मगनभाई म्हणतो, त्याचे पत्रे गिरणीतल्या भंगाराचे. पत्रेवाला म्हणतो, मगनचं लाकूड ओलं, वर्षात वाकेल. स्लॅबचं तर नावच नको, सिमेंटचा परवाना मिळेपर्यंत माझे केस पांढरे होतील.

गंमत पुढेच आहे. दोघेही शपथेवर सांगतात की, "मास्तरांनी मलाच शब्द दिला होता." खरं काय ते सांगणारा एकच माणूस, आणि त्याची वाचा गेलेली. मी ह्यांना विचारलं, मगनभाई? ह्यांनी मान हलवली. विचारलं, पत्रेवाला? तशीच हलवली. मग मी मुद्दाम विचारलं, पंतप्रधान? तरीही हलवली. हसले मी, आणि मग मोरीत जाऊन रडून घेतलं.

आमच्या घरात मिस्तरी ठरवणं हे कधी बायकांचं काम नव्हतं. मला लाकूड ओलं की वाळलं तेसुद्धा कळत नाही. मूलबाळ नाही, दीर-जाऊ देवरुखला, त्यांच्याकडून दोन ओळींचं कार्ड आलं. माणूस विश्वासू आहे की नाही हे कशावरून ओळखायचं? तू ये दादा. दोन दिवस ये, माणूस ठरव आणि जा.

तुझी विजू

&nbsp;

पारोळे, १३ मार्च १९७३

चि. विजूस,

दादाचा आशीर्वाद, आणि पाकिटातून पारोळ्याची थोडी धूळही. ती आम्ही घालत नाही, आपोआप येते.

यायला मला पंख असते तर आलो असतो. पण दुष्काळी कामाचं हजेरीपत्रक माझ्या हातात आहे. माणसं उन्हात खडी फोडताहेत आणि मी एक दिवस रजेवर गेलो तर त्यांचा पगार अडतो. विहिरींत बादली टाकली की नुसता खणखणाट होतो. दुष्काळात तेरावा महिना म्हणजे तुझं छप्पर, असं तुझी वहिनी म्हणाली. मी तिला गप्प केलं. छप्पर माझ्या बहिणीचं आहे.

आता नीट ऐक. बांधकाम खात्यात कारकुनी करत मी उगाच म्हातारा झालो नाही. पत्रा घालशील तर मे महिन्यात तो तवा होईल, आणि खाली प्रभाकररावांची भाकरी. आजाऱ्याला गारवा हवा. मगनचं म्हणशील, तर जो पहिल्या भेटीत इतका गोड बोलतो तो तिसऱ्या भेटीत काय बोलेल याची मला धास्ती वाटते. तरी माझ्या सांगण्यावर जाऊ नकोस. आपले आबा मिस्तरी कसा ठरवत ते आठव. त्याला घरी बोलावून जेवायला घालत. ताटात टाकणारा माणूस सामानही टाकतो, आणि ताट पुसून खाणारा मालकाची काडीसुद्धा वाया घालवत नाही. आबांचा या परीक्षेत एकही मिस्तरी चुकला नाही. मगनला जेवायला बोलाव.

आणि एक तिसरा माणूस मी पाठवतो. हिलाल मिस्तरी. आपल्या घराचं धाबं त्याच्या बापाने घातलेलं. वर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, त्यावर काटक्या-पाला, मग मातीचा थर आणि सगळ्यांवर पांढरी खारी माती. सपाट, गच्च. त्याच्याखाली आपण वैशाखात पांघरूण घेऊन झोपायचो, आठवतं? प्रभाकररावांना त्या गारव्यातच आराम पडेल. सिमेंट नको, परवाना नको. माणूस आपला, भाषा आपली, आणि यंदा खानदेशात कोण घर बांधतंय? रिकामाच आहे बिचारा.

पावसाचं म्हणशील, तर तीन वर्षांत मी छत्री उघडलेली नाही. तिच्यात पालीने घर केलंय.

चंद्रकांत

&nbsp;

सुरत, ८ एप्रिल १९७३

ती. स्व. दादास,

पाडव्याचा गूळ-लिंब घेतलास ना? आमच्याकडे यंदा गुढी खिडकीतच उभी केली.

तुझी परीक्षा घेतली. पत्रेवाला परक्याच्या घरचं खात नाही, तो बसलाच नाही. मगनभाई बसला. मी मुद्दाम आपली शेवभाजी केली, काळ्या मसाल्याची. पहिल्या घासाला त्याच्या डोळ्यांत पाणी, दुसऱ्याला तांब्या रिकामा. "बेन, बहु तीखुं," म्हणाला, आणि अर्धी भाकरी ताटाच्या कडेखाली सरकवून उठला. मला हसू आलं, पण मनात म्हटलं, आबा असते तर हा इथेच नापास.

हिलाल मंगळवारी आला. पॅसेंजरने रात्रभर उभा. खांद्याला थापी, ओळंबा आणि पिशवीत एक धोतर. मी वाढत गेले आणि तो खात गेला. शेवटी ताट असं पुसलं की मला घासायला काही उरलं नाही, आणि तेही त्याने स्वतःच मोरीत नेऊन धुतलं. म्हणाला, "ताई, आपला गावनं जेवन बरीच दिनमा भेटनं." मला आबा दिसले दादा. खरंच सांगते, त्या क्षणी मी ठरवून टाकलं.

मगनभाईला सांगितलं तेव्हा तो पान थुंकून आला आणि म्हणाला, "बेन, तमे सुरतनो वरसाद जोयो नथी. छापरा उपर खेतर करवुं छे?" म्हणे छपरावर काय शेत करायचंय, मातीचं धाबं सुरतेत कुणी घालत नाही. मी म्हटलं, का नाही पाहिला पाऊस? गेल्या जूनमध्ये आम्ही इथे आलो, आणि पावसाळाभर मी पापड गच्चीवर वाळवत होते. धंदा गेला की असंच बोलतात माणसं.

आता एक गोष्ट तुला विचारायची आहे. हिलालला ह्यांच्या खाटेशी नेलं. धाबं कसं होणार ते मी सावकाश, शाळेतल्या पोराला सांगावं तसं सांगितलं. ह्यांनी डावा हात उचलला. तळवा सपाट, बोटं खाली झुकलेली, असा तिरपा. तसाच धरून ठेवला. पुन्हा खाली, पुन्हा वर, पुन्हा तिरपा. घशातून आवाज काढला. हिलालने वाकून नमस्कार केला. मला वाटलं, डोकं उंच करून हवंय, म्हणून उशी सरकवली. ती ढकलून दिली आणि परत हात तिरपा. दुसरी उशी लावली तेव्हा थकून डोळे मिटले. तू इथे असतास तर तुला उमगलं असतं का काही?

विजू

&nbsp;

पारोळे, १७ एप्रिल १९७३

चि. विजू,

अनेक आशीर्वाद, आणि शाबासकीही. आबांची मुलगी शोभलीस.

अगं वेडे, न उमगण्यासारखं त्यात काय आहे? तो आशीर्वाद होता. माणूस समोर वाकला, यांनी हात उचलला. सरळ उचलायला ताकद नाही म्हणून तिरपा झाला. प्रभाकरराव पडले कोकणातले, तोंड चालत होतं तेव्हाही मनातलं बोलायला पंचांग पाहायचे. त्यांनी एवढा हात हलवला म्हणजे मोठीच पसंती समज. हे वाचून तुझी वहिनी देवाला साखर ठेवून आली.

खारीच्या गोण्या अमळनेरहून मालगाडीने पाठवल्या आहेत. सुरतेची काळी माती हिलालला वापरू देऊ नकोस. ही आपल्या गावच्या टेकाडाची आहे, आबांच्या धाब्यावर हीच होती. पाणी काढायला पन्हाळी एक पुरे. उगाच खर्च नको.

तिकडच्या लोकांचं मनावर घेऊ नकोस. दुसऱ्याच्या घरावर बोलायला जीभ फुकट असते.

चंद्रकांत

&nbsp;

उधना, ९ मे १९७३

ती. स्व. दादास,

नव्या घरातून पहिलं पत्र, आणि पहिला नमस्कारही इथूनच.

अक्षय्यतृतीयेला, आपल्या आखाजीला, आलो. माहेरवाशिणी तिकडे झोके घेत असतील आणि मी इकडे खाट उचलायला माणसं गोळा करत होते. पण आले बाई एकदाची. हिलालने उंबऱ्यावर नारळ फोडला. उरलेले खिळे मोजून डब्यात घालून माझ्या हातात दिले. कामाचे दिवस तो इथेच भिंतीला टेकून झोपला, एक लाकडाची ढलपी बाहेर जाऊ दिली नाही. विश्वासू माणूस हवा होता, तो मिळाला.

आणि गारवा! दादा, बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतंय आणि आत मी दुपारी पाय पोटाशी घेऊन झोपते. शेजारच्या मालतीबाई, त्यांचे यजमान पांडेसऱ्याला रंगाच्या कारखान्यात आहेत, त्या दळण घेऊन आल्या की इथेच बसतात. म्हणतात, तुमच्या घरात माठातल्या पाण्यासारखं वाटतं. ह्यांच्या पाठीवरचं घामोळंसुद्धा गेलं. पहिल्या दिवशी मी छताकडे पाहत राहिले तर कड्यांचा, मातीचा तोच वास. मला वाटलं आई आता चुलीपासून हाक मारेल. इतकं बरं मला किती महिन्यांत वाटलं नव्हतं.

ह्यांचं मात्र तेच. छताकडे पाहतात आणि हात तिरपा धरतात. आता उशाशी चार उशा झाल्या आहेत, मालतीबाईंकडून आणखी एक आणली. एकदा म्हटलं, लिहून दाखवा, म्हणून पाटी दिली. डाव्या हाताने एक तिरपी रेघ ओढली आणि पेन्सिल गळून पडली. ज्या माणसाचं अक्षर शाळेत कित्ता म्हणून लावायचे, त्याच्या हातून ती एवढी रेघ. मी पाटी पुसून ठेवली.

हिलालला मी पावसाळाभर ठेवून घेतलंय. जवळच एका बांधकामावर रोजावर जातो आणि रात्री आमच्या पडवीत झोपतो. खाट उचलायला पुरुष माणूस लागतोच.

विजू

&nbsp;

पारोळे, २४ जून १९७३

चि. विजू,

हे पत्र ओलं झालं असेल तर अंगणात उभा राहून लिहिलं असं समज. पाऊस आला! तीन वर्षांनी आला आणि काय आला! बोरी नदीला पाणी, गावातली म्हातारी माणसं पुलावर जाऊन रडली. मी छत्री उघडली नाही, पालीची अडचण नको म्हणून नव्हे, भिजायचंच होतं. खडी फोडणारी माणसं हजेरी न लावता शेताकडे पळाली आणि मी कुणाचाही पगार कापला नाही.

हिलालच्या घरीही निरोप दिला. त्याने तुझ्याकडून पाठवलेल्या पहिल्या मनीऑर्डरीवर त्याच्या पोरांनी ज्वारी आणली. सुरतेला निघाला तेव्हा त्याच्या पोटात दोन दिवस अन्न नव्हतं, त्याची बायको आता सांगते. केवढं पुण्य पडलं बघ तुझ्या पदरात. एका दगडात दोन पक्षी म्हणतात तसं तुझं छप्परही झालं आणि एक घरही जगलं.

तिकडेही पाऊस चांगला पडू दे, एवढंच देवाजवळ मागतो.

चंद्रकांत

&nbsp;

उधना, ८ जुलै १९७३

ती. स्व. दादास,

नमस्कार. तुझं पत्र वाचून आनंद झाला.

इकडे पाऊस आहे. बरा आहे. काळजीचं काही नाही. एका कोपऱ्यात थोडं ठिबकतं, तिथे मी पातेलं ठेवलंय. खाट दुसऱ्या भिंतीशी घेतली. हिलाल सकाळ-संध्याकाळ वर जाऊन पायाने माती दाबून येतो, कुठे भेग दिसली की बुजवतो. पन्हाळी एक आहे ती पुरत नाही असं तो म्हणतो. वर तळं साचतं, ते तो सुपाने उपसतो.

तू सहज लिही, आबांच्या वेळी धाबं गळलं तर काय करायचे? घाई नाही. उगाच मनात आलं म्हणून विचारते.

हे ठीक आहेत. झोप कमी झालीये.

विजू

&nbsp;

पारोळे, १५ जुलै १९७३

चि. विजू,

आशीर्वाद. तुझ्या पत्रातून घाबरलेली दिसतेस, आणि घाबरण्यासारखं त्यात अक्षर नाही. धाबं पहिल्या वर्षी गळतंच, लहान मुलाच्या नाकासारखं. आबा काय करायचे? वरून आणखी खारी टाकायचे. माती बसते, भेगा मिटतात, दुसऱ्या वर्षापासून थेंब येत नाही. तीन गोण्या आजच रवाना केल्या. आल्या की हिलालला सगळ्या वर पसरायला सांग, हात आखडू नको म्हणावं, दादांनी सांगितलंय.

प्रभाकररावांच्या खाटेवर मेणकापड घाल. आणि खाट सारखी हलवू नकोस, आजारी माणूस भांबावतो.

चंद्रकांत

&nbsp;

उधना, ५ ऑगस्ट १९७३

दादा,

आम्ही दोघं जिवंत आहोत. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू बसून वाचशील.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं होतं. ठिबकत नव्हतं, धार लागली होती. तुला वाईट वाटेल, हिलालला तू बोलशील, म्हणून लिहिलं नाही. इथला पाऊस आपला नाही रे. आपला पाऊस येतो आणि जातो. हा बसतो. दिवस उजाडला की मावळला तेही कळत नव्हतं. चादरीवर चिखलाचे थेंब, ह्यांच्या कपाळावर चिखलाचे थेंब. मी पुसायचे आणि खाट सरकवायचे, पुसायचे आणि सरकवायचे, शेवटी सरकवायला कोरडी जागा उरली नाही. मधली तुळई वाकली. हिलालने टेकू दिले. खाटेभोवती एवढे टेकू झाले की ह्यांच्या तोंडात चमचा घालायला मला आडवं व्हावं लागायचं.

हिलालला मनातून वाटत होतं की वरची माती काढून टाकावी, भार हलका करावा. हे त्याने नंतर सांगितलं. तेव्हा मला एवढंच म्हणाला, "ताई, इतला पानी मी जनममा देखा नही. आते काय करू?" मला काय कळत होतं? त्याच दिवशी तुझं पत्र आलं, आणि दोन दिवसांनी गोण्या. मी त्याला पत्र वाचून दाखवलं. तुझं नाव ऐकल्यावर त्याने धोतर वर खोचलं. तीनही गोण्या त्याने पाठीवरून वर नेल्या आणि भर पावसात हाताने पसरल्या. मी खाली उभी राहून त्याला टोपल्या देत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुळईने आवाज केला. मोठा नाही, दाराची कडी काढावी तेवढाच. मी ओरडले. मगनभाई मालतीबाईंच्या छपरावर फुटकं कौल बदलत होता, तो तिथून उतरून धावला. मला वाटलं आता म्हणेल, मी सांगितलं नव्हतं? तो म्हणाला, "पहेलां मास्तरने उठावो, बीजुं पछी." आधी मास्तर, बाकी सगळं नंतर. त्याने आणि हिलालने खाट उचलली, टेकू लाथेने पाडत बाहेर काढली. मालतीबाईंच्या ओसरीवर खाट टेकवतोय तोच मागे सगळं बसलं. धूळसुद्धा उडाली नाही, ओलं होतं ना. नुसता एक धप्प आवाज. आत भांडी होती, माझी पेटी, ह्यांची पुस्तकं, आणि पाच उशा.

आता ऐक, हे मला तुलाच सांगायचं आहे. मालतीबाईंच्या ओसरीला मंगलोरी कौलं आहेत, उतरती. पाऊस तोच, पण त्यावर पडला की थांबत नाही, सरसर खाली येतो आणि पागोळ्यांनी अंगणात जातो. हे त्या पागोळ्यांकडे पाहत होते. मग डावा हात उचलला. तोच. तळवा सपाट, बोटं खाली, तिरपा. आणि या खेपेला तो हात हळूच तसाच घसरत खाली आणला, गोधडीपर्यंत. माझ्याकडे पाहिलंही नाही.

उतार म्हणत होते रे दादा. एप्रिलपासून म्हणत होते. देवरुखचा माणूस, चार महिने पावसात वाढलेला, त्याला सपाट छप्पर कसं पटेल? ओरडून सांगत होते, आणि मी उशा लावत होते. पाटीवर काढून दाखवलं, तर मी पाटी पुसली.

मी रागावले आहे. तुझ्यावर रागावले, मग माझ्यावर, मग आबांच्या ताटावरही. हिलालने ताट पुसून खाल्लं ते उपासाने, आणि मगनभाईने टाकलं ते माझ्या मसाल्याने. एवढंच होतं ते. पण हे कळून आता करू काय? हिलालवर तू एक शब्द बोलायचा नाहीस. त्याने माझा एक खिळा वाया घालवला नाही. तो रोज त्या ढिगाऱ्यात उतरतो, एखादी वाटी, एखादं पुस्तक हाताने उकरून काढतो, पावसात धुतो आणि मालतीबाईंच्या पायरीवर ठेवतो. वाढलं तर जेवत नाही. ताट तसंच परत येतं.

मालतीबाईंनी ओसरी दिली आहे, पण गणपतीला त्यांच्या जावा-दीर धुळ्याहून यायचेत. तोवर डोक्यावर काहीतरी हवंच. शाळेने हातभार लावायचं कबूल केलं आहे, तेव्हा पैशाची मनीऑर्डर करू नकोस आणि कुणाला पाठवूही नकोस.

काल मगनभाई माप घेऊन गेला. आज पत्रेवाला आला होता. तोही आता पत्रे उतारावर बसवून देतो म्हणतो, कौलांपेक्षा लवकर होईल, हलकं होईल. मगनभाई म्हणतो, भिंती भिजल्यात, त्या आधी बघाव्या लागतील. दोघांचंही खरं वाटतं. दोघेही अजून सांगतात की मास्तरांनी शब्द त्यालाच दिला होता. मी आता कुणाला जेवायला घालून पाहणार नाही.

मी दोघांना ह्यांच्या खाटेशी उभं केलं. काल एकाला, आज दुसऱ्याला. मोठ्याने सांगितलं, हा असं छप्पर करणार, उतार इतका, पाणी या बाजूला. आता मला तुमची खूण कळते, म्हटलं, तुम्ही नुसतं हो-नाही दाखवा. आणि मी त्या डाव्या हाताकडे बघत बसले. मगनभाई कंटाळून गेला तरी बघत होते, पत्रेवाला गेला तरी बघत होते.

हात गोधडीवरच आहे दादा. त्या दिवसापासून त्यांनी तो उचललेला नाही.

विजू